शर्यतीचा दिवस: दहा आणि एकवीस किलोमीटर धावणाऱ्यांनी करावयाची तयारी

दिवाळीनंतरच्या थंडीत मराठवाड्यात ठिकठिकाणी दहा आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यती भरतात. त्यांत भरतीची तयारी करणारी मुले-मुली, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, शेतकरी अशी सर्व प्रकारची माणसे उतरतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा सराव प्रामाणिक असतो. तीन-चार महिने अंधारात उठून धावलेली ही माणसे चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला पोट धरून किंवा पाय ओढत चालताना दिसतात, तेव्हा मनापासून वाईट वाटते, कारण त्यांचे नुकसान सरावातील उणिवेमुळे झालेले नसते. ते आदल्या दुपारपासून शर्यतीच्या पहिल्या दोन किलोमीटरपर्यंतच्या अठरा-वीस तासांत झालेले असते. या काळात शरीराची क्षमता तसूभरही वाढत नाही, परंतु कमावलेली क्षमता वाया मात्र जाऊ शकते. ती वाया जाऊ नये यासाठी काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शेवटचा आठवडा

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात एकूण धावणे नेहमीच्या निम्म्यावर आणावे, मात्र पूर्णपणे थांबवू नये. शर्यत रविवारी असेल, तर मंगळवारी किंवा बुधवारी चार-पाच किलोमीटर धावताना मधली दोन किलोमीटर शर्यतीच्या गतीने धावावीत, म्हणजे ती गती पायांच्या लक्षात राहते. राहून गेलेला सराव या आठवड्यात भरून काढण्याचा मोह अनेकांना होतो; त्या धावण्याचा फायदा शर्यतीपर्यंत शरीराला मिळत नाही, थकवा मात्र नक्की मिळतो.

बूट नवे घ्यायचे असतील तर ते किमान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि शर्यतीपूर्वी त्यांत साठ-सत्तर किलोमीटर धावून झालेले असावे. पायाची नखे शर्यतीच्या आदल्या दिवशी कापू नयेत. तीन-चार दिवस आधी सरळ कापावीत, म्हणजे एखादे नख खोल कापले गेले तरी ते बरे व्हायला वेळ मिळतो. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी पहिल्या शर्यतीपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. अंगात ताप असेल तर धावू नये. प्रवेश शुल्क भरले आहे, टी-शर्ट मिळाला आहे, मित्र वाट पाहत आहेत, या कारणांनी तापात धावणाऱ्यांच्या हृदयावर ताण येऊ शकतो, आणि ही बाब हलकी नाही.

आदला दिवस

बहुतेक शर्यतींत धावपटूचा क्रमांक असलेला कागद, म्हणजे बिब, आदल्या दिवशीच वाटला जातो. तालुक्याच्या किंवा आडगावच्या धावपटूने पहाटेच्या पहिल्या एसटीवर अवलंबून राहू नये, कारण सहा वाजता सुरू होणाऱ्या शर्यतीला त्या गाडीने वेळेत पोहोचणे सहसा शक्य नसते. आदल्या दुपारीच शहरात पोहोचावे, बिब घ्यावा आणि सुरुवातीच्या ठिकाणापासून जवळ राहण्याची सोय करावी. बिब घेताना ओळखपत्र आणि नोंदणीचा संदेश जवळ ठेवावा. बिबच्या मागे आपला रक्तगट आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. ती रिकामी जागा त्याचसाठी असते आणि दुर्दैवाने बहुतेक जण ती रिकामीच ठेवतात. वेळ मोजणारी चिप बिबला चिकटवलेली असल्यास बिब दुमडू नये किंवा चुरगळू नये.

बिब घेतल्यावर शहरात फिरत बसण्याचा मोह टाळावा. संभाजीनगरला आलेला धावपटू दुपारी वेरूळ किंवा दौलताबादचा किल्ला पाहून येतो आणि दुसऱ्या दिवशी पाय जड का झाले याचे कारण शोधत बसतो. किल्ल्याच्या पायऱ्या शर्यतीनंतरच्या एखाद्या रविवारसाठी राखून ठेवाव्यात. मात्र शक्य असल्यास शर्यतीच्या मार्गावरून एकदा वाहनाने जाऊन यावे. नांदेड, परभणीकडचा गोदाकाठचा भाग बहुतांशी सपाट आहे, तर अंबाजोगाई, धाराशिवकडे बालाघाटच्या डोंगररांगांमुळे रस्ते चढउताराचे आहेत. चढ कितव्या किलोमीटरला आहे आणि पाणी कोठे मिळणार आहे, या दोन गोष्टी आधी ठाऊक असल्या, तर निम्मी धास्ती कमी होते.

जेवणाच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी हवी. ज्वारीची भाकरी हे आपले रोजचे आणि उत्तम अन्न आहे, परंतु तिच्यात तंतुमय भाग जास्त असतो आणि तो पचून पोट मोकळे व्हायला वेळ लागतो. म्हणून आदल्या रात्रीपुरता वरण-भात, मुगाची खिचडी किंवा पोळी आणि बटाट्याची साधी भाजी, असा हलका आणि पिष्टमय आहार घ्यावा. मटकी, हरभरा, वाटाणा यांच्या उसळी, तेलाची तर्री असलेली भाजी, ठेचा आणि मांसाहार त्या रात्री टाळावा. आपल्याकडे शर्यतींचा आणि हुरड्याचा हंगाम एकच असल्याने ही सूचना वेगळी करावी लागते: शनिवारी दुपारी शेतावर हुरडा आणि रविवारी पहाटे एकवीस किलोमीटर, हा मेळ जमत नाही. जेवण सात-साडेसातपर्यंत उरकावे आणि पोट तुडुंब भरू नये. कर्बोदके साठवायची म्हणून त्या एका रात्री दुप्पट जेवणे चुकीचे आहे. एकवीस किलोमीटर धावणाऱ्याने दोन दिवस आधीपासून प्रत्येक जेवणात भात किंवा पोळीचे प्रमाण थोडे वाढवावे आणि तेलतूप थोडे कमी करावे, एवढे पुरते.

नातेवाइकांकडे मुक्काम असेल तर पाहुणचाराचा प्रश्न येतो. माझ्या पहिल्या अर्ध मॅरेथॉनच्या, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीच्या, आदल्या रात्री मावशीने मोठ्या मायेने पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. मला नाही म्हणता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी अकराव्या किलोमीटरपासून पोटात कळा येत राहिल्या. तेव्हापासून मी जाण्याच्या दोन दिवस आधी फोन करून सांगतो की, मावशी, शनिवारी मला फक्त खिचडी लागेल, पुरणपोळी मी रविवारी दुपारी मागून घेऊन खाईन. आधी सांगितले की कोणी दुखावत नाही, ताट वाढल्यावर नकार दिला की वाईट वाटते.

पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. आपल्या भागातील पाण्यात, विशेषतः बोअरच्या पाण्यात, क्षारांचे प्रमाण गावागणिक बदलते आणि नव्या पाण्याने पोट बिघडण्याची शक्यता असते, म्हणून घरचे दोन लिटर पाणी सोबत नेणे श्रेयस्कर आहे.

झोपण्यापूर्वी सर्व साहित्य एका ठिकाणी मांडून ठेवावे. टी-शर्टच्या पुढच्या बाजूला छातीवर बिब चार पिनांनी लावून ठेवावा. चड्डी, मोजे, बूट, टोपी, घड्याळ, व्हॅसलीन, नाश्ता, पाण्याची बाटली, जुना स्वेटर आणि शर्यतीनंतर घालायचे कोरडे कपडे, असे सगळे डोळ्यांसमोर असावे. टी-शर्ट सुती नसावा, कारण सुती कापड घाम धरून ठेवते, जड होते आणि अंगाला घासते. शर्यतीत वाटलेला नवा टी-शर्ट त्याच दिवशी घालून धावण्याची पद्धत रूढ झाली आहे, परंतु न धुतलेले, न वापरलेले कापड काखेत आणि छातीवर किती घासेल हे आधी कळत नाही. तो टी-शर्ट घरी नेऊन सरावात वापरावा. महिलांनीही सरावात दीर्घ अंतर धावताना वापरलेलीच स्पोर्ट्स ब्रा घालावी आणि पाळीची तारीख जवळ असल्यास आवश्यक साहित्य पिशवीत ठेवावे. पाळी आहे म्हणून शर्यत सोडण्याची गरज नसते. त्रास किती होतो, यावरून निर्णय घ्यावा.

त्या रात्री झोप नीट लागत नाही, हे गृहीत धरावे. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने फारसे बिघडत नाही. त्याच्या आदल्या, म्हणजे शुक्रवारच्या रात्री पूर्ण झोप घेतलेली असली म्हणजे झाले. झोप येत नाही म्हणून मोबाइल पाहत बसू नये, डोळे मिटून पडून राहावे.

पहाट

शर्यत सहा वाजता असेल तर पावणेचारला उठावे आणि चारच्या सुमारास नाश्ता करावा. हे वेळापत्रक कठीण वाटते, पण धावण्याच्या अर्धा तास आधी खाल्लेले अन्न पोटात हिंदकळते आणि अगदी उपाशीपोटी एकवीस किलोमीटर धावणाऱ्याची ऊर्जा उत्तरार्धात अपुरी पडते. रात्रभरात यकृतातील साखरेचा साठा बराच कमी झालेला असतो आणि तो भरून काढण्यासाठी हा नाश्ता असतो. दोन केळी आणि गुळासोबत एक पोळी, थोडासा कमी तेलाचा उपमा, किंवा ब्रेड आणि मध, यांपैकी जे सरावात मानवले असेल तेच घ्यावे. ज्यांना चहा-कॉफीची सवय आहे त्यांनी नेहमीएवढी घ्यावी. दूध ज्यांना सहज पचत नाही त्यांनी कोरा चहा घ्यावा. याच वेळी दोन पेले पाणी प्यावे आणि नंतर सुरुवातीपर्यंत केवळ घोटभर घेत राहावे. दहा किलोमीटर धावणाऱ्याला एवढ्या तयारीची गरज नाही. दीड-दोन तास आधी एक-दोन केळी त्याला पुरेशी असतात.

घासले जाणाऱ्या सर्व जागांवर, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूस, काखेत आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन लावावे. पुरुषांनी स्तनाग्रांवर लहान चिकटपट्टी लावावी, नाहीतर घामाने भिजलेले कापड तेथे घासून रक्त येते. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधाव्यात.

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्याची पहाट बोचरी असते, परभणीकडे तर पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि त्यामुळे धावपटू जाड जॅकेट घालूनच धावायला लागतात. दोन किलोमीटरनंतर तेच जॅकेट कमरेला बांधून पुढचे सर्व अंतर वाहावे लागते. कपडे असे निवडावेत की उभे असताना थोडी थंडी वाजेल. उभे राहण्यापुरता जुना स्वेटर अंगावर ठेवावा आणि सुरुवातीच्या पाच मिनिटे आधी तो सोबतच्या माणसाकडे द्यावा. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अर्ध मॅरेथॉनला अडीच तास घेणाऱ्याचा शेवटचा दीड तास उन्हात जातो. हवा कोरडी असल्याने घाम लगेच वाळतो आणि आपल्याला घाम येतच नाही असा समज होतो. त्वचेवर मिठाचे पांढरे थर दिसले की तो समज खोटा ठरतो. टोपी म्हणूनच अंधारात निघतानाही सोबत असावी. सप्टेंबरमध्ये, मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास धावायचे असेल, तर हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून तेव्हा अपेक्षित वेळेत काही मिनिटांची सूट आधीच धरून ठेवावी.

सुरुवातीच्या ठिकाणी किमान पाऊण तास आधी पोहोचावे. स्वच्छतागृहापुढील रांग नेहमी अपेक्षेपेक्षा मोठी असते, म्हणून प्रथम त्या रांगेत उभे राहावे आणि इतर गोष्टी नंतर कराव्यात. त्यानंतर दहा किलोमीटर धावणाऱ्याने दहा मिनिटे सावकाश धावून, पाय पुढे-मागे झुलवून आणि शंभर मीटरच्या तीन-चार वेगवान धावा घेऊन शरीर तापवावे. एकवीस किलोमीटर धावणाऱ्याने पाच-सात मिनिटे हलके धावणे पुरेसे आहे. थंड स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम या वेळी करू नयेत. व्यासपीठावरून संगीताच्या तालावर जो सामूहिक व्यायाम घेतला जातो, त्यात अर्धा तास उड्या मारण्याने पोटऱ्या दमतात. त्यात थोडा वेळ सहभागी होऊन बाजूला होणे इष्ट.

पहिले दोन किलोमीटर

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्ध मॅरेथॉन १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला, पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आपल्याच मातीतील धावपटूने हे केले, याचा अभिमान मनात घेऊन अनेक तरुण सुरुवातीच्या रेषेवर अगदी पुढे उभे राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचा सराव पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा असतो, ज्यात पूर्ण गुणांसाठी किलोमीटरला सुमारे सव्वातीन मिनिटांची गती लागते. ती गती पायांत इतकी भिनलेली असते की एकवीस किलोमीटरच्या शर्यतीतही ते तसेच सुटतात आणि पाचव्या किलोमीटरला दम उखडतो. स्नायूंमध्ये साठवलेली साखर मर्यादित असते, वेगाने धावताना तीच प्रामुख्याने जळते आणि एकदा संपत आली की पुढच्या अंतरासाठी शरीराला चरबीवर अधिक अवलंबून राहावे लागते, जिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. सुरुवातीच्या दोन किलोमीटरमध्ये कमावलेले एक मिनिट शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये सहा-सात मिनिटांनी फेडावे लागते, हा माझा आणि माझ्या सोबत धावणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे.

यासाठी आपली गती आधी गणिताने ठरवावी आणि हातावर लिहून ठेवावी. अर्ध मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते. ते दोन तासांत पूर्ण करायचे असेल तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद, सव्वादोन तासांत करायचे असेल तर ६ मिनिटे २४ सेकंद लागतात. दहा किलोमीटर एका तासात धावायचे असतील तर बरोबर ६ मिनिटे. पहिले दोन किलोमीटर या गतीपेक्षा दहा ते पंधरा सेकंद सावकाश धावावे. शेजारून असंख्य माणसे पुढे निघून जातील आणि मन अस्वस्थ होईल, पण त्यांच्यातील बरीच माणसे पुढे भेटतात. तिसऱ्या किलोमीटरपासून ठरलेल्या गतीवर यावे. बोलता येते का, ही सोपी परीक्षा आहे: अर्ध मॅरेथॉनच्या पहिल्या भागात चार-पाच शब्दांचे वाक्य सलग बोलता आले पाहिजे. चढावर घड्याळातील गतीकडे पाहू नये, श्वासाकडे पाहावे आणि पावले लहान ठेवावीत.

उभे राहण्याची जागाही आपल्या गतीप्रमाणे निवडावी. चिप असलेल्या शर्यतीत आपण रेषा ओलांडल्यापासूनची वेळ स्वतंत्रपणे मोजली जाते, त्यामुळे मागे उभे राहून वैयक्तिक वेळेचे काहीही नुकसान होत नाही. घड्याळात मोजलेले अंतर मार्गावरील फलकांपेक्षा थोडे जास्त भरले तर गोंधळून जाऊ नये; मार्ग वळणाच्या आतल्या बाजूने मोजलेला असतो आणि आपण गर्दीमुळे बाहेरून धावतो.

एक सूचना आपल्या भागापुरती. शर्यतींचा हंगाम हाच ऊस गाळपाचाही हंगाम असतो, आणि सर्वच मार्ग वाहतुकीसाठी पूर्ण बंद ठेवले जातात असे नाही. लातूर, बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात, अनेकींना मागचा दिवा नसतो आणि रस्त्यावर उसाची टिपरी सांडलेली असतात, ज्यांवरून पाय घसरून घोटा मुरगळतो. अंधारात कानाला इअरफोन लावून धावू नये आणि नजर पुढच्या आठ-दहा मीटरवर ठेवावी.

पाणी आणि मीठ

दहा किलोमीटरमध्ये थंडीच्या दिवसांत एक-दोनदा घोटभर पाणी पुरते. एकवीस किलोमीटरमध्ये प्रत्येक पाणपोईवर दोन-तीन घोट घ्यावेत, तहान लागली असेल तर अधिक घ्यावेत, परंतु भीतीपोटी संपूर्ण बाटली रिकामी करू नये. गरजेपेक्षा फार जास्त साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, डोके दुखते, मळमळते आणि गंभीर प्रसंगी शुद्ध हरपू शकते. आपल्याला किती पाणी लागते हे सरावातच कळते: लांब धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे, घटलेले एक किलो म्हणजे सुमारे एक लिटर घाम. वजन उलट वाढलेले दिसले तर आपण जास्त पाणी पीत आहोत.

दीड तासापेक्षा अधिक वेळ धावणाऱ्याने पाऊण तासानंतर थोडे गोड खावे: एखादे केळे, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा, आणि त्यावर पाणी. धावताना खायच्या गोड जेलची पाकिटे सरावात वापरली असतील तरच शर्यतीत घ्यावीत. मीठ-साखरेचे पाणी घरी करता येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रसिद्धच आहे, आणि चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये, कारण शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

छातीत दुखणे किंवा दडपण येणे, चक्कर येणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे, उन्हात असूनही अंगावर काटा येणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे आणि स्वयंसेवकाला सांगावे. दुसरा धावपटू असंबद्ध बोलताना किंवा झोकांड्या खाताना दिसल्यास आपली वेळ सोडून त्याच्यापाशी थांबावे, त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, मान आणि काखेत बर्फ किंवा ओले कापड ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शर्यत संपल्यानंतर

अंतिम रेषा ओलांडताच खाली बसू नये. पायांत उतरलेले रक्त हृदयाकडे परत येण्यास स्नायूंची हालचाल मदत करते आणि एकदम थांबल्यास भोवळ येते, म्हणून दहा मिनिटे चालत राहावे. ओले कपडे लगेच बदलावेत. धावताना न जाणवलेली थंडी आता अंगात शिरते. अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खावे, आणि या वेळी पोहे, उपमा, अंडी, दूध, जे रुचेल ते चालते. पदकासह छायाचित्रे काढण्यात तास-दीड तास उपाशी जातो आणि दुपारी डोके ठणकू लागते, हे अनेकदा घडते.

परतीचा प्रवास एसटीचा असेल तर शक्यतो कडेची जागा घ्यावी, पाय लांब करावेत आणि गाडी जेथे जेथे थांबेल तेथे उतरून चार पावले चालावे. पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील. ते स्वाभाविक आहे आणि चालण्याने कमी होते. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी हाडावरची वेदना मात्र आठवड्याभरात गेली नाही तर डॉक्टरांना दाखवावी. ज्यांची भरतीची मैदानी चाचणी जवळ आली आहे, त्यांनी अर्ध मॅरेथॉननंतर किमान दहा दिवस वेगाचा सराव करू नये, आणि चाचणी तीन आठवड्यांच्या आत असेल तर एकवीसऐवजी पाच किंवा दहा किलोमीटरच्या गटातच नाव नोंदवावे.